विजेचा आरसा आणि अण्णांचे श्रवणयंत्र

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत माझी ओळख करून देताना 'हे डॉक्टर, पण औषध देणारे नव्हेत' हा विनोद ठरलेला असतो. सगळे हसतात, मीही हसतो आणि विषय बटाटेवड्यांकडे वळतो. ही डॉक्टरेट नेमकी कशातली, हे गेल्या पंधरा-सोळा वर्षांत कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. विचारले असते तरी 'ॲनॅलॉग सर्किट्स' एवढे बोलून मी मोकळा झालो असतो. आता माझा दिवस सॉफ्टवेअर लिहिण्यात जातो आणि तो प्रबंध तळघरातल्या खोक्यात आहे.

तो प्रश्न अखेर गेल्या हिवाळ्यात विचारला गेला, आणि विचारला माझ्या वडिलांनी. अण्णा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. वय ८२. उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर म्हणून गेला. तब्येत ठणठणीत, फक्त कान गेले, म्हणून श्रवणयंत्र लावतात. दुपारचे जेवण झाले की ते यंत्र कानातून काढून छोट्या डबीत ठेवत आणि संध्याकाळी आम्ही कामावरून आलो की पुन्हा लावत. मधल्या वेळात आमची धाकटी शाळेतून येई. पहिले काही दिवस तिने दप्तर टाकून आजोबांना शाळेतल्या सगळ्या गमती सांगितल्या. मग एक दिवस हिला म्हणाली, "आई, आजोबा ऐकत नाहीत. नुसतं हसतात." त्यानंतर तिने सांगणे सोडून दिले.

मी अण्णांना विचारले. ते म्हणाले, "अरे, सेल वाचवतो. एक सेल आठवडाभर पण पुरत नाही. आणि काय रे, एवढंसं मशीन, त्याला एवढं काय लागतं? तू त्यातलाच डॉक्टर ना?"

मी गप्प झालो. कारण मी खरोखरच 'त्यातलाच' डॉक्टर आहे. माझा प्रबंध श्रवणयंत्रासारख्या उपकरणांत कमी व्होल्टेजवर आणि कमी विजेवर चालणाऱ्या करंट मिररविषयी होता. करंट मिरर म्हणजे विद्युतप्रवाहाचा आरसा. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर अण्णांना जे समजावून सांगितले, तेच थोडे नीटनेटके करून इथे लिहितो आहे. अर्धे स्पष्टीकरण अण्णांच्याच भाषेत आहे, कारण पाण्याचे गणित त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते.

हिशेब सेलचा

श्रवणयंत्रातला नेहमीचा सेल झिंक-एअर प्रकारचा असतो. आकार औषधाच्या गोळीएवढा. पाठीवरचे स्टिकर काढले की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि त्या हवेतल्या प्राणवायूवर सेल चालतो. ताजा असताना तो साधारण १.४ व्होल्ट देतो, संपत आला की १.१ व्होल्टपर्यंत उतरतो. मधल्या आकाराच्या सेलमध्ये सुमारे १७० मिलिॲम्पिअर-तास एवढा साठा असतो. यंत्र दीड मिलिॲम्पिअर ओढत असेल तर ११३ तास मिळतात. रोज सोळा तास वापरले तर सात दिवस. खर्च निम्मा करता आला तर दोन आठवडे.

म्हणजे चिप बनवणाऱ्यापुढे दोन अटी असतात. एक, सेल १.१ व्होल्टवर आला तरी यंत्र नीट चालले पाहिजे, नाहीतर साठा शिल्लक असताना सेल फेकावा लागतो. दोन, प्रत्येक मायक्रोॲम्पिअर जपून वापरला पाहिजे.

आजची श्रवणयंत्रे डिजिटल असतात हे खरे. पण मायक्रोफोनमधून येणारा संदेश डिजिटल नसतो. तो एक अगदी क्षीण, सतत हलणारा व्होल्टेज असतो. त्याला आधी वाढवावे लागते आणि मग आकड्यांत बदलावे लागते. हे काम करणाऱ्या सर्किटच्या प्रत्येक टप्प्याला एक ठरलेला, स्थिर विद्युतप्रवाह लागतो. इथे दोन मायक्रोॲम्पिअर, तिथे पाच, पलीकडे दहा. तो कमी पडला तर आवाज फाटतो, जास्त झाला तर सेल लवकर संपतो. "प्रत्येक कनेक्शनला ठरलेलं पाणी," अण्णा म्हणाले. अगदी तेच.

आरसा कशासाठी?

आता कोणी म्हणेल, प्रत्येक ठिकाणी योग्य रेझिस्टर बसवला की झाले. टेबलावर सुटे भाग जोडताना ते चालते. पण सिलिकॉनच्या चिपवर बनवलेला रेझिस्टर या खेपेला एक किमतीचा निघेल, तर पुढच्या खेपेला २० टक्के कमी किंवा जास्त. ट्रान्झिस्टरचेही तसेच. मात्र एकाच चिपवर शेजारी शेजारी बनवलेले दोन भाग एकमेकांसारखे निघतात. दोघेही चुकतील, पण सारखेच चुकतील.

या गोष्टीचा पुरेपूर फायदा घेतला बॉब विडलर या अमेरिकन अभियंत्याने. फेअरचाइल्ड कंपनीत १९६४ मध्ये त्याचा ७०२ आणि १९६५ मध्ये ७०९ हा ॲम्प्लिफायर बाहेर पडला. अचूक भाग मिळत नाहीत म्हणून रडत बसण्याऐवजी त्याने सर्किटची रचनाच जुळ्या ट्रान्झिस्टरांच्या भरवशावर केली. एक चांगला प्रवाह एकदाच तयार करायचा आणि मग हव्या तितक्या ठिकाणी त्याच्या प्रती काढायच्या. प्रत काढणारे हे सर्किट म्हणजे करंट मिरर. आज असा एकही मोठा ॲनॅलॉग चिप सापडणार नाही ज्यात डझनावारी आरसे नाहीत.

तो चालतो कसा, हे सांगायला मी अण्णांचा सांडवा उसना घेतला.

बंधाऱ्याच्या सांडव्यावरून पाणी पडते तेव्हा किती पाणी पडेल हे कशावर ठरते? माथ्याच्या वर पाण्याची पातळी किती चढली आहे, त्यावर. पाणी खाली पाच फूट पडते की पन्नास फूट, याने फरक पडत नाही. कालव्यातले पाणी मोजायला खाच बसवतात ती याच तत्त्वावर. मॉस ट्रान्झिस्टर हा असाच सांडवा आहे. त्याच्या गेट नावाच्या टोकावरचा व्होल्टेज म्हणजे पाण्याची पातळी. थ्रेशोल्ड व्होल्टेज म्हणजे सांडव्याच्या माथ्याची उंची. गेटचा व्होल्टेज थ्रेशोल्डच्या जेवढा वर, तेवढा प्रवाह. आयताकृती सांडव्यात प्रवाह पातळीच्या दीड घाताने वाढतो, इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत अडीच घाताने. ट्रान्झिस्टरमध्ये तो वर्गाने वाढतो, म्हणजे बरोबर मधोमध. हे ऐकल्यावर अण्णांनी खुर्ची पुढे ओढली.

आता सारख्या मापाचे दोन सांडवे घ्या. पहिल्याच्या मागे पंप लावून ठरलेले पाणी सोडा. तेवढेच पाणी माथ्यावरून जाईपर्यंत पातळी आपोआप चढते आणि मग स्थिर होते. ही पातळी दुसऱ्या सांडव्याला नुसती कळवायची. गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन एका भिंतीची लेव्हल दुसऱ्या भिंतीवर नेतो, तशी. नळीतून पाणी वाहत नाही, फक्त उंची कळते. दोन ट्रान्झिस्टरांची गेट जोडणारी तार हेच काम करते. दुसऱ्या सांडव्यावर तीच पातळी ठेवली की तेवढेच पाणी पडणार. दुसरा दुप्पट रुंद केला तर दुप्पट पडणार. झाला आरसा. लागले फक्त दोन ट्रान्झिस्टर.

अण्णांनी लगेच बोट ठेवले. "पण खालचं पाणी वर चढलं तर? सांडवा बुडाला की हिशेब चुकतो."

बरोबर. सांडव्याच्या खाली पाण्याला पडायला थोडी तरी जागा लागते. ट्रान्झिस्टरलाही आपल्या दोन टोकांमध्ये थोडा व्होल्टेज लागतो. पातळी माथ्याच्या वर ०.१५ व्होल्ट असेल, तर खाली पडायलाही किमान ०.१५ व्होल्ट हवेत. त्याहून कमी असले की सांडवा बुडाला, आरसा फुटला.

हेड थोडे, सांडवे जास्त

साधा आरसा तसा तंतोतंत नसतो. खरा ट्रान्झिस्टर म्हणजे आदर्श सांडवा नव्हे. खाली पाणी किती खोल पडते त्याचा थोडा परिणाम प्रवाहावर होतोच. आखूड ट्रान्झिस्टर असेल तर अर्ध्या व्होल्टच्या फरकाने सहज ५ टक्के चूक होते. यावर जुना उपाय म्हणजे कॅस्कोड. पहिल्या सांडव्याच्या खाली दुसरा सांडवा बांधायचा. मधल्या डोहाची पातळी स्थिर राहते, आणि सगळ्यात खाली काहीही गोंधळ झाला तरी वरच्या सांडव्याला त्याची झळ पोचत नाही.

आरसा सुधारण्याचे हे वेड जुने आहे. १९६७ मध्ये ओरेगनमधल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीतल्या जॉर्ज विल्सन आणि बॅरी गिल्बर्ट या दोन अभियंत्यांनी एकमेकांना आव्हान दिले. तीनच ट्रान्झिस्टर वापरून, एका रात्रीत, जास्त चांगला आरसा कोण शोधतो? विल्सन जिंकला आणि त्याचा आरसा आजही विल्सन मिरर याच नावाने शिकवला जातो.

पण त्या काळच्या लोकांकडे हेड भरपूर होते. हेड म्हणजे टाकीची उंची, पाण्याचा दाब. सर्किटला तीस व्होल्ट मिळत असताना सांडव्याखाली सांडवा बांधायला कोणाची हरकत? पुढे चिपमधले ट्रान्झिस्टर लहान होत गेले. ०.१८ मायक्रॉनच्या तंत्रात गेटखालचा थर जेमतेम चार नॅनोमीटर जाड राहिला. जास्त व्होल्टेज दिला तर तो फुटतो. शिवाय डिजिटल सर्किटचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. म्हणून बरीच वर्षे टिकलेले ५ व्होल्ट आधी ३.३ झाले, मग २.५, १.८, १.२ आणि पुढे एक व्होल्टच्या आसपास आले.

टाकी अशी खाली येत असताना सांडव्यांचे माथे मात्र त्या प्रमाणात उतरले नाहीत. याचे कारण पाझर. सांडव्याच्या माथ्याखाली पाणी असले तरी थोडे झिरपतेच. ट्रान्झिस्टर बंद असला तरी त्यातून थोडा प्रवाह गळतो. थ्रेशोल्ड ८० ते ९० मिलिव्होल्टने खाली आणला की ही गळती दहापट होते. कोट्यवधी ट्रान्झिस्टरांच्या चिपमध्ये एवढी गळती कोण सोसणार? म्हणून थ्रेशोल्ड ०.४ व्होल्टच्या आसपास अडून राहिला.

आता श्रवणयंत्राचा हिशेब मांडू. थ्रेशोल्ड ०.४५ व्होल्ट, माथ्यावर पाणी ०.१५ व्होल्ट, हातात १.१ व्होल्ट. साध्या आरशाला आत शिरताना ०.६ व्होल्ट लागतात. चालेल. कॅस्कोड आरशात एकावर एक दोन, म्हणजे १.२ व्होल्ट. संपले! पुस्तकातला सगळ्यात विश्वासू आरसा टाकीपेक्षा उंच निघाला. बाहेर पडतानाही त्याला ०.७५ व्होल्ट हवेत.

"उंचावरच्या वस्तीला पाणी चढत नाही, तसलंच हे," अण्णा म्हणाले.

तीन उपाय, तीन किमती

पहिला उपाय असा. पुस्तकी कॅस्कोडमध्ये मधल्या डोहाला गरजेपेक्षा पुष्कळ जास्त खोली मिळते. पूर्ण एक थ्रेशोल्डएवढी. ती कोणी मागितलेली नसते, जोडणीच्या पद्धतीमुळे आपोआप मिळते. जोडणी बदलून आणि खालच्या ट्रान्झिस्टरच्या गेटला वेगळा, बेताचा व्होल्टेज देऊन डोह अगदी काठावर ठेवता येतो. मग आत शिरायला ०.६ व्होल्ट आणि बाहेर पडायला फक्त ०.३ व्होल्ट पुरतात. याला वाइड-स्विंग कॅस्कोड म्हणतात. व्होल्टेज वाचला, अचूकपणा राहिला. पण तो वेगळा व्होल्टेज तयार करायला आणखी एक फाटा लागतो, आणि त्या फाट्यातून अहोरात्र प्रवाह वाहतो. म्हणजे किंमत विजेत मोजली.

दुसरा उपाय मला सगळ्यात आवडतो. पाझराला शत्रू न मानता त्यालाच कामाला लावायचे. न्यूशातेल या स्विस गावातल्या घड्याळ उद्योगाच्या संशोधन केंद्रात १९६७ मध्ये क्वार्ट्झ मनगटी घड्याळाचा पहिला नमुना तयार झाला. घड्याळाचा सेल लहान, आणि तो वर्ष-वर्ष पुरायला हवा. तिथल्या एरिक व्हिटोझ आणि जाँ फेलरात यांनी १९७७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. थ्रेशोल्डच्या खालचा जो प्रवाह इतर लोक गळती म्हणून टाकून देत होते, त्यावर पूर्ण ॲनॅलॉग सर्किट कसे चालवायचे हे त्यात दाखवले होते. या अवस्थेत प्रवाह वर्गाने नव्हे तर घातांकी रीतीने वाढतो. दर २५ मिलिव्होल्टला साधारण दुप्पट. गेटला ०.३५ व्होल्ट पुरतात आणि सांडव्याखाली पडायला फक्त ०.१ व्होल्ट. सिलिकॉनमध्ये इतक्या कमी व्होल्टेजवर इतके काम दुसऱ्या कुठल्या अवस्थेत होत नाही. याची किंमत काय, ते पुढे सांगतो. ती मी स्वतः मोजलेली आहे.

तिसरा उपाय जरा तिरपागडा आहे. ट्रान्झिस्टरला गेट, सोर्स आणि ड्रेनशिवाय बॉडी नावाचे चौथे टोक असते, ज्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. त्या टोकावरचा व्होल्टेज बदलला की थ्रेशोल्ड बदलतो. म्हणजे पाण्याची पातळी कायम चढलेली ठेवायची आणि माथाच वर-खाली करायचा! मग आत शिरताना थ्रेशोल्ड ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाही. १९९८ मध्ये जॉर्जिया टेकचे फिलिप ॲलन आणि त्यांचे सहकारी यांनी साध्या डिजिटल तंत्रात, एक व्होल्टवर चालणारे ॲम्प्लिफायर या पद्धतीने करून दाखवले. किंमत? बॉडीची पकड गेटपेक्षा बरीच सैल असते, म्हणून सर्किटची ताकद कमी पडते आणि खरखर वाढते. खरखर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याच्या कानात आणखी एक अडथळा.

माझी चूक

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी मायक्रोफोनचा ॲम्प्लिफायर आखला. १.१ व्होल्टवर चालायला हवा होता. मी सगळे आरसे त्या स्विस पद्धतीने, थ्रेशोल्डच्या खाली चालवले. जागा वाचावी म्हणून ट्रान्झिस्टर लहान ठेवले, साधारण दोन चौरस मायक्रॉनचे. संगणकावर सगळे सुंदर चालले. आकडे पाहून मी इतका खूश झालो की घरी फोन करून सांगितले. अण्णांना त्यातले काही कळले नाही, पण तेही खूश झाले.

तीन महिन्यांनी चिप्स हातात आल्या. टेबलावर मोजल्या तर प्रत्येकीची तऱ्हा निराळी. दहा मायक्रोॲम्पिअरच्या जागी एका चिपमध्ये साडेआठ, दुसरीत अकराच्या वर. काही चिप्समध्ये आवाज स्वच्छ, काहींत फाटलेला. एकाच वाफ्यातली रोपे, आणि एकसारखी दोन नाहीत.

दोष सर्वस्वी माझा होता. संगणकावर मी दोन ट्रान्झिस्टर तंतोतंत जुळे आहेत असे गृहीत धरले होते. शेजारचे ट्रान्झिस्टर सारखे असतात, पण तंतोतंत नसतात. फिलिप्स कंपनीतल्या मार्सेल पेलग्रोम यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८९ मध्ये याचा साधा नियम मांडला होता. दोन जुळ्यांच्या थ्रेशोल्डमधला फरक क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. क्षेत्रफळ चौपट करा, फरक निम्मा होईल. माझ्या लहानग्या ट्रान्झिस्टरांत हा फरक साधारण तीन मिलिव्होल्टच्या वर होता. सांडव्यावर भरपूर पाणी असेल तर एका मिलिव्होल्टने प्रवाह सव्वा टक्का चुकतो. पण पाझराच्या अवस्थेत प्रवाह घातांकी, म्हणून तोच एक मिलिव्होल्ट पावणेतीन टक्के चूक करतो. तिनाला पावणेतीनने गुणले की आठ-नऊ टक्के. टेबलावर दिसत होते तेच.

हा नियम मी वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. वापरायचे मात्र विसरलो. मार्गदर्शक रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "ट्रान्झिस्टर लहान करून चिपची किती जागा वाचली?" मी हिशेब केला. एक टक्कासुद्धा नाही.

दुसऱ्या खेपेला आरशातले ट्रान्झिस्टर चौपट लांब आणि चौपट रुंद केले. क्षेत्रफळ सोळापट, चूक एक चतुर्थांश, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. मोठा ट्रान्झिस्टर सुस्त असतो, पण कानाला काय घाई आहे? माणसाचे बोलणे काही हजार हर्ट्झमध्ये मावते. तेवढे तोही आरामात पेलतो. शिवाय प्रत्येक जोडीतल्या ट्रान्झिस्टरांचे दोन-दोन तुकडे करून ते चौकोनात तिरपे मांडले, एकाचे दोन एका कर्णावर आणि दुसऱ्याचे दोन दुसऱ्या कर्णावर. म्हणजे चिपच्या एका बाजूकडून दुसरीकडे काही बदलत गेले, तर ते दोघांच्याही वाट्याला सारखेच येते. ज्या ठिकाणी चूक सर्वांत जास्त बोचत होती, तिथे थोडा व्होल्टेज खर्चून वाइड-स्विंग कॅस्कोड बसवले. ती चिप १.१ व्होल्टवर चालली.

एवढ्या वर्षांनंतर त्या कामातून माझ्याजवळ उरले ते एवढेच. कमी व्होल्टेज, कमी वीज, कमी जागा आणि अचूक प्रत या चार गोष्टी एकदम मिळत नाहीत. तीन मागा, चौथीची किंमत द्या. पुस्तके प्रत्येक आरशाचे गुण सांगतात. कुठल्या ठिकाणी कशाची किंमत देणे परवडेल हे ते सर्किट कोणासाठी आहे यावरून ठरवायचे असते. श्रवणयंत्रात वेग देऊन टाकता येतो, जागा थोडी देता येते. ऐकणाऱ्याच्या कानातली स्पष्टता देता येत नाही.

विडलरला हे पक्के ठाऊक होते. १९७८ च्या सुमारास त्याने नॅशनल सेमिकंडक्टरसाठी एलएम-१० हा ॲम्प्लिफायर केला. जुन्या बायपोलर तंत्रातला, तरीही १.१ व्होल्टवर चालणारा. १९९१ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी तो वारला. जवळजवळ रिकाम्या झालेल्या एका सेलवर चालणारे सर्किट तेव्हा कोणी फारसे मागतही नव्हते.

पुढे मी पदवी घेऊन बाहेर पडलो ते २००८ साली. मंदी आली होती, व्हिसाचे घड्याळ चालू होते, आणि पहिले पत्र सॉफ्टवेअरच्या नोकरीचे आले. आपल्यापैकी अनेकांची गोष्ट अशीच असेल. त्याबद्दल मला खंत नाही. पण तळघरातल्या खोक्यातले ते काम ज्यांच्यासारख्यांसाठी होते, ते माझ्याच घरात दुपारी तीन तास काही न ऐकता बसत होते, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

अण्णांचा हिशेब

शेवटी मी कागद घेतला आणि अण्णांच्या पद्धतीने हिशेब मांडला. सेलमध्ये ११३ तास. रोज सोळा तास वापरले तर सात दिवस. दुपारचे तीन तास यंत्र बंद ठेवले तर रोज तेरा तास, म्हणजे पावणेनऊ दिवस. बचत फार तर पावणेदोन दिवसांची. तीही पुरती नाही, कारण स्टिकर एकदा काढले की हवा आत जातच राहते, आणि झिंक-एअर सेल न वापरताही काही आठवड्यांत आपोआप निकामी होतो. यंत्र बंद केल्याने प्रवाह थांबतो, हवा थांबत नाही.

अण्णांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे आठवड्याला पावणेदोन दिवसांचा सेल वाचवायला मी पोरीचे वीस-एकवीस तास घालवले," ते म्हणाले. मी काही बोललो नाही. ओव्हरसियरचा गुणाकार बरोबर होता.

वाचकहो, आपल्याकडे आई-वडील आले असतील आणि ते श्रवणयंत्र वापरत असतील तर दोन-तीन साध्या गोष्टी करून पाहा. स्टिकर काढल्यावर सेल लगेच बसवू नका. मिनिटभर, जमल्यास थोडे अधिक, तसाच मोकळा ठेवा म्हणजे हवा आत जाऊन तो पूर्ण जोमात येतो. रात्री झोपताना सेलचे झाकण उघडून ठेवा. सेल संपला तर काय, ही काळजी त्यांना वाटू नये म्हणून एक पाकीट त्यांच्या हाताशी असू द्या. आणि ते हसून मान डोलावत असतील तर त्यांना नीट ऐकू आले आहे का, हे एकदा विचारून घ्या.

अण्णा मार्चअखेरीस परत गेले. जाईपर्यंत धाकटीने त्यांना शाळेतल्या प्रत्येक मुलीचे नाव पाठ करून घेतले होते. जाताना त्यांनी माझा प्रबंध मागितला. मी म्हणालो, "अण्णा, इंग्रजीत आहे, सगळी गणितं आहेत." ते म्हणाले, "असू दे. सांडव्याचं चित्र आहे का त्यात?" नव्हते. मी पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काढून दिले. दोन सांडवे आणि मधे गवंड्याची नळी.